लंडनच्या हॉस्पिटलात वारलेल्या खापरपणजोबांची नोंद कशी शोधायची, कशी वाचायची

प्रश्न असा आहे: "आमचे खापरपणजोबा रत्नागिरीजवळच्या गावचे. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. १८८० च्या दशकात लंडनच्या हॉस्पिटलात वारले, एवढंच घरात सांगतात. तिथे त्यांची काही नोंद असेल का? आजी म्हणायची, साहेबांनी त्यांचं प्रेत फाडलं. ते खरं असेल तर त्याचा कागद मिळेल का, आणि मिळाला तर आम्हाला समजेल का?"

नोंद असण्याची शक्यता बरीच आहे. पोस्टमॉर्टेमचा कागद मिळण्याची शक्यता कमी आहे, पण ती सोडून देण्याइतकी कमी नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. मुंबईत शिकले, आयुष्यभर पोस्टमॉर्टेमच्या टेबलापाशी उभी राहिले आणि गेली बरीच वर्षं लंडनमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या रुग्णनोंदी वाचते आहे. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. शोध नावाने सुरू करू नका. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हॉस्पिटलात वारलेल्या एका माणसाच्या तीन-चार वेगवेगळ्या नोंदी होत असत. त्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या असत. दाखल करून घेणारा कारकून खाटा आणि खर्च यांचा हिशेब ठेवत होता. वॉर्डातला तरुण डॉक्टर केस लिहीत होता ती शिकण्यासाठी आणि शिकवण्यासाठी. पोस्टमॉर्टेमची वही होती निदान बरोबर ठरलं की चुकलं ते तपासण्यासाठी. मृत्यूचा दाखला होता सरकारी मोजणीसाठी. यातली एकही वही तुमच्या घरासाठी लिहिलेली नाही. कोणती वही कशासाठी होती हे कळलं, की तिच्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही याचा अंदाज येतो, आणि मग नाव नसलं तरी माणूस ओळखता येतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी बघायचं ठिकाण म्हणजे ग्रिनिचचं ड्रेडनॉट सीमेन्स हॉस्पिटल. १८२१ साली खलाशांसाठी एक संस्था निघाली आणि तिने थेम्स नदीत नांगरलेल्या जुन्या लढाऊ जहाजावर हॉस्पिटल थाटलं. पहिलं जहाज 'ग्रॅम्पस', १८३१ पासून 'ड्रेडनॉट', आणि १८५७ मध्ये आणखी एक मोठं जहाज आणून त्यालाही तेच नाव दिलं. १८७० साली हे हॉस्पिटल जमिनीवर आलं, ग्रिनिचच्या जुन्या नौदल इन्फर्मरीच्या, म्हणजे दवाखान्याच्या, इमारतीत. म्हणजे तुमचे खापरपणजोबा तिथे गेले असतील तर ते जहाजावर नव्हे, इमारतीतल्या वॉर्डात होते. कुठल्याही देशाच्या खलाशाला तिथे घेत. शिफारसपत्र लागत नसे, आणि ही गोष्ट त्या काळात फार मोठी होती. लंडनच्या इतर देणगीवर चालणाऱ्या हॉस्पिटलांत बहुधा एखाद्या वर्गणीदाराची चिठ्ठी असल्याशिवाय गरिबाला खाट मिळत नसे.

ड्रेडनॉटच्या दाखल-नोंदीच्या वह्या १८२६ पासूनच्या शिल्लक आहेत. त्या ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत, आणि 'अ‍ॅन्सेस्ट्री' या वंशावळीच्या मोठ्या सशुल्क संकेतस्थळावर त्यांची पानंही बघता येतात. पान आडवं, रकाने ठरलेले: नाव, वय, जहाज, जहाजावरचं काम, जन्म कुठला, तक्रार काय, दाखल कधी, बाहेर कधी, आणि कसा बाहेर पडला. शेवटच्या रकान्यात बरा, सुधारला किंवा वारला यांपैकी एखादा शब्द.

आता नावाचा प्रश्न. कारकून जे ऐकत असे ते लिहीत असे. त्याला मराठी येत नव्हती, कोकणी मुसलमानाची नावं येत नव्हती आणि आडनाव, बापाचं नाव, गावाचं नाव यांतला फरक ठाऊक नव्हता. बऱ्याचदा एकच नाव असतं, तेही मोडलेलं. रत्नागिरी 'रटनाघेरी' होते. पण तितकंही नशीब क्वचित. बहुतेक वेळा जन्मस्थान म्हणून नुसतं 'बॉम्बे' किंवा 'ईस्ट इंडीज' लिहिलेलं असतं, कारण बोट तिथून सुटली होती. वय तीस, पस्तीस, चाळीस असं अंदाजाने टाकलेलं. म्हणून मी नेहमी जहाज आणि काम या दोन रकान्यांवरून शोधते. जहाजाचं नाव कारकुनाला नीट येत असे, कारण ते इंग्रजी होतं. कामाच्या रकान्यात 'लास्कर', 'सेरांग', 'टिंडल', 'फायरमन' असे शब्द दिसतील. लास्कर म्हणजे आशियाई खलाशी, फायरमन म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा. सेरांग म्हणजे आपला सारंग, टिंडल म्हणजे तांडेल. सारंग आणि तांडेल ही दोन्ही आडनावं कोकण किनाऱ्यावर आजही नांदताहेत. साहेबाच्या वहीत वेड्यावाकड्या स्पेलिंगात 'टिंडल' दिसतं, तेव्हा मला दरवेळी भरून येतं.

घरात जहाजाचं नाव कुणाला आठवतं का, हे आधी विचारा. जुन्या पत्रात, ट्रंकेत, मशिदीच्या किंवा देवळाच्या देणगीपाटीवर, कुठेही. एका जहाजाच्या नावाने शोध वर्षांवरून दिवसांवर येतो.

माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत झालेली एक चूक सांगते. एका कुटुंबासाठी मी असाच एक माणूस शोधला. नाव जुळलं, वय जुळलं, साल जुळलं. मी त्यांना पानाची प्रत पाठवली. त्यांनी घरी त्या तारखेला फातेहा वाचला. काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तीच वही चाळताना त्याच नावाचा, दुसऱ्या जहाजावरचा, तीन आठवड्यांनी वारलेला माणूस दिसला, आणि जहाज त्यांच्या घरातल्या आठवणीशी जुळत होतं. मला त्यांना पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून नाव, जहाज आणि तारीख या तिन्ही गोष्टी दोन स्वतंत्र कागदांवर जुळल्याशिवाय मी 'हेच ते' असं म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

दुसरा कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. सूची ऑनलाइन बघता येते, तिच्यात वय आणि नोंदणी जिल्हा असतो; तुमच्यासाठी ग्रिनिच बघा. दाखल्याची प्रत पैसे भरून मागवता येते. १८७४ च्या कायद्यानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरला मृत्यूचं कारण लिहून देणं बंधनकारक झालं, त्यामुळे १८८० च्या दशकातला दाखला बऱ्यापैकी भरवशाचा असतो. पण त्यावर जन्मस्थान नसतं; इंग्लंडच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थान आलं ते थेट १९६९ मध्ये. म्हणून एकट्या दाखल्यावरून रत्नागिरी सिद्ध होत नाही. वही आणि दाखला एकमेकांशेजारी ठेवावे लागतात.

ड्रेडनॉटमध्ये नाहीच सापडलं तर? गोदीत अपघात झालेल्यांना १८५५ साली निघालेल्या पॉप्लरच्या अपघात हॉस्पिटलात नेत. व्हाइटचॅपलचं लंडन हॉस्पिटल गोदीपासून लांब नव्हतं. देवी निघालेल्या माणसाला मात्र यांपैकी कुठेच ठेवत नसत. १८८० च्या दशकात देवीच्या रोग्यांसाठी शहरापासून दूर, नदीच्या खालच्या अंगाला 'अ‍ॅटलास', 'एन्डिमियन' आणि 'कॅस्टेलिया' अशी तीन हॉस्पिटल-जहाजं उभी होती. बोट चुकलेला, पैसे संपलेला खलाशी वर्कहाउसच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी घराच्या, इन्फर्मरीत पोचे. आणि लाइमहाउसला आशियाई खलाशांसाठी १८५७ पासून एक वसतिगृह होतं, स्ट्रेंजर्स होम. 'लंडनला वारले' एवढीच घरातली आठवण असेल तर हे सगळे दरवाजे उघडे ठेवा. प्रत्येक हॉस्पिटलच्या वह्या आज कुठे आहेत, कोणत्या सालापासूनच्या आहेत, हे सांगणारी सूची ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहे. तिची माहिती गेल्या काही वर्षांत अद्ययावत केलेली नाही, पण सुरुवातीला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. रुग्णांच्या नोंदी साधारण शंभर वर्षं बंद ठेवतात. तुमच्या काळाच्या नोंदी खुल्या आहेत.

आता पोस्टमॉर्टेम. आधी एक गोंधळ दूर करते, कारण तुमच्या आजींच्या बोलण्यात तो असू शकतो आणि त्याचा तुमच्या मनाला त्रास होत असेल. 'प्रेत फाडणं' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवण्यासाठी आठवडेच्या आठवडे चालणारं डिसेक्शन ही एक. त्यासाठी १८३२ च्या अ‍ॅनाटमी कायद्याने हॉस्पिटलात आणि वर्कहाउसात वारलेल्या, कुणी ताबा न मागितलेल्या माणसांची प्रेतं देता येत. मृत्यूचं कारण पाहण्यासाठी हॉस्पिटलातच एक-दोन तासांत होणारं पोस्टमॉर्टेम ही दुसरी. त्यात शरीर शिवून परत दिलं जातं आणि दफन नेहमीसारखं होतं. आणि संशयास्पद किंवा अचानक मृत्यूत कॉरोनरच्या, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हुकमावरून होणारी तपासणी ही तिसरी. तिन्हींच्या नोंदी तीन वेगळ्या ठिकाणी असतात. तुमच्या घरातली आठवण बहुधा दुसऱ्या प्रकाराची आहे. बरोबरच्या खलाशांनी ते पाहिलं किंवा ऐकलं असेल आणि गावी येऊन सांगितलं असेल.

त्यांना विचारलं होतं का? हॉस्पिटलात नातेवाईक असले तर परवानगी मागायची पद्धत होती, आणि लंडनचे गरीब लोक नकारही देत. पण सहा हजार मैलांवर घर असलेल्या खलाशासाठी नकार द्यायला तिथे कुणी नव्हतं. हे मी सौम्य करून सांगू शकत नाही. ज्या वह्या वाचून मी माझं शास्त्र अधिक नीट शिकले, त्यांतली कितीतरी पानं अशा माणसांची आहेत ज्यांना कुणी विचारलं नाही. त्या पानांवर बोट ठेवताना मी हे मनात धरून वाचते.

पोस्टमॉर्टेमचं पान कसं असतं, याचा सर्वांत चांगला संच मी पाहिला आहे तो लंडनच्याच सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचा. हे हॉस्पिटल १७३३ साली हाइड पार्क कॉर्नरला सुरू झालं. आज तिथल्या इमारतीत हॉटेल आहे आणि हॉस्पिटल दक्षिण लंडनमधल्या टूटिंगला गेलं. त्यांच्या पोस्टमॉर्टेमच्या वह्या १८४१ ते १९४६ अशा सलग आहेत. वेलकम ट्रस्टच्या निधीतून त्यांचं जतन, डिजिटायझेशन आणि सूचीकरण झालं. खलाशांचं हे हॉस्पिटल नव्हे, तुमचे खापरपणजोबा इथे असण्याची शक्यता फार थोडी. पण वाचायला शिकायचं असेल तर इथे शिका. यातल्या सुरुवातीच्या काळातली पोस्टमॉर्टेम करणाऱ्यांपैकी एक होता हेन्री ग्रे, ज्याचं शरीररचनेचं पुस्तक आजही जगभरचे विद्यार्थी उघडतात.

अशा पानाचे दोन भाग असतात. एकात माणूस जिवंत असतानाची हकीकत, दुसऱ्यात मेल्यानंतर काय दिसलं ते. तुम्हाला कळावं म्हणून मी एक नमुना रचते. हा कुठल्याही खऱ्या माणसाचा नाही, पण अशी पानं पुष्कळ आहेत.

वय ४०, घरं रंगवणारा. ३ मार्चला दाखल, ११ मार्चला मृत्यू, पोस्टमॉर्टेम २६ तासांनी. हकीकतीत लिहिलंय: वर्षभर पोटात कळा, रात्री झोपल्यावर दम लागतो, पाय सुजलेत. हिरड्यांच्या कडेला निळी रेघ. लघवी तापवली की गोठते. खाली तपासणीत: हृदय १७ औंस, डावी बाजू जाड. दोन्ही मूत्रपिंडं लहान, प्रत्येकी ३ औंस, पृष्ठभाग दाणेदार, वरचं आवरण सोलताना चिकटून येतं. फुप्फुसांत पाणी.

हे पान मी वाचते तेव्हा काय दिसतं ते सांगते. हिरडीवरची निळी रेघ म्हणजे शिसं. ही खूण १८४० मध्ये लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलातल्या डॉक्टर बर्टन यांनी वर्णन केली. तेव्हा रंगात शिसं असे आणि रंगारी ते रोज अंगावर, जेवणात घेत. लघवी तापवून गोठली म्हणजे तिच्यात प्रथिन उतरतं आहे, मूत्रपिंड गळतं आहे. गाइज हॉस्पिटलच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, अशी लघवी आणि पोस्टमॉर्टेममध्ये दिसणारं बिघडलेलं मूत्रपिंड या तिन्हींची सांगड घातली होती. आता वजनं बघा. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. धडधाकट पुरुषाचं हृदय दहा-अकरा औंसांचं, याचं सतरा, म्हणजे जवळजवळ ४८० ग्रॅम. मूत्रपिंड साडेचार-पाच औंसांचं हवं, इथे तीन. शिशाने मूत्रपिंडं आक्रसली, रक्तदाब वाढला, त्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलून हृदय पहिलवानाच्या दंडासारखं जाड झालं आणि शेवटी थकलं. त्या वहीत 'रक्तदाब' हा शब्द कुठेच नाही. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं यंत्र १८९६ मध्ये आलं. पण हृदयाचं वजन लिहून ठेवणाऱ्या त्या तरुण डॉक्टरने मला रक्तदाब सांगितला आहे, त्याला स्वतःला माहीत नसताना. म्हणून या वह्यांवर माझा इतका जीव आहे.

आणि आता त्याच माणसाचा सरकारी दाखला काय म्हणेल? बहुधा 'ड्रॉप्सी', म्हणजे अंगावर सूज. सूज हृदयानेही येते, मूत्रपिंडानेही, यकृतानेही. दाखल्यातला शब्द लक्षणाचा आणि वहीतलं पान रोगाचं. पोस्टमॉर्टेमची नोंद मिळाली तर ती मिळवाच असं मी म्हणते ते यासाठी.

भाषा सुरुवातीला अंगावर येईल. सूक्ष्मदर्शक प्रत्येक केसला वापरत नव्हते, म्हणून डोळ्याला दिसलेलं शब्दात पकडायला ते लोक रोजच्या खाण्याच्या वस्तू वापरत. यकृत 'जायफळासारखं' म्हणजे कापल्यावर आतून ठिपक्याठिपक्यांचं, रक्त तुंबलेलं. हृदय निकामी होत असल्याची खूण. प्लीहा 'साबुदाण्यासारखी'. हृदयाच्या आवरणावर 'दोन लोणी लावलेले ब्रेडचे तुकडे ओढून वेगळे केल्यासारखं' म्हणजे तिथे दाह होता. फुप्फुसभर 'राळ्याच्या दाण्याएवढे' पांढरे ठिपके म्हणजे रक्तातून सगळीकडे पसरलेला क्षय. मायलिअरी टीबी हे नाव आजही आपण वापरतो, ते या राळ्याच्या लॅटिन नावावरून. त्यात अनादर नाही. पुढच्या डॉक्टरने तेच डोळ्यांसमोर आणावं, म्हणून ते तसं लिहिलं आहे. आमच्या पिढीनेही मुंबईत पॅथॉलॉजी याच शब्दांत शिकली.

रोगांची नावं मात्र जपून वाचा. 'थायसिस' म्हणजे बहुतेक वेळा फुप्फुसाचा क्षय, पण क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. त्याआधीच्या वहीत खोकत झिजत मेलेला दुसऱ्या रोगाचा माणूसही या नावाखाली बसलेला असू शकतो. 'फीव्हर' तर अंधारी खोलीच आहे. टायफस आणि टायफॉइड वेगळे आहेत हे विल्यम जेनर यांनी १८५० च्या सुमारास लंडनमध्ये दाखवलं, पण सरकारी आकड्यांत दोघं वेगळे मोजले जाऊ लागले ते १८६९ पासून. त्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने रोगांच्या नावांची अधिकृत यादी काढली. त्याआधी प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या शब्दांत लिहीत असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्ये हीच तक्रार केली होती, की तुलना करता येईल अशा नोंदी शोधूनही मिळत नाहीत. तुमचा काळ १८८० चा, म्हणजे शब्द बऱ्यापैकी स्थिरावलेले.

खलाशांच्या बाबतीत दोन रोग लक्षात ठेवा. एक स्कर्व्ही, ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणारा. ड्रेडनॉटचे डॉक्टर हॅरी लीच यांनी आपल्याच वॉर्डातल्या केसेस मांडून एवढा पाठपुरावा केला की १८६७ च्या कायद्याने जहाजांवर लिंबाचा रस देण्याचे नियम कडक झाले. कोरड्या वहीतून कायदा निघाल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. दुसरा बेरीबेरी. पाय सुजणं, पाय बधिर होणं, हृदय थकणं. जहाजावर महिनोन्महिने पांढरा भात खाणाऱ्या आशियाई खलाशांत तो होत असे, आणि १८८० च्या दशकात कारण कुणालाच माहीत नव्हतं. वहीत 'ड्रॉप्सी' किंवा 'हृदयविकार' लिहिलेला खलाशी दिसला की मला बेरीबेरीची शंका येते. पण शंकाच. इतक्या वर्षांनी दोन शब्दांवरून नवं निदान चिकटवायचं नाही. वहीत जे लिहिलंय ते जसंच्या तसं घरच्या वहीत उतरवा आणि शंका असेल तर ती वेगळ्या ओळीत लिहा.

कॉरोनरचं काम वेगळं, हे वर म्हटलं. मृत्यू अचानक झाला असेल, अपघाताने, मारहाणीने किंवा पाण्यात पडून, तर दाखल्यावर कारणाच्या रकान्याजवळ चौकशी झाल्याचा उल्लेख सापडेल. १८३६ च्या कायद्यानंतर कॉरोनर डॉक्टरला साक्षीसाठी एक गिनी आणि पोस्टमॉर्टेम केलं तर आणखी एक गिनी देऊ शकत असे. या चौकशांचे मूळ कागद बरेच नष्ट झाले, पण स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या येत, कधी कधी साक्षी जशाच्या तशा. ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात जहाजाचं नाव टाकून बघा.

आणि पोस्टमॉर्टेमचा कागद म्हणजे अंतिम सत्य असं मानू नका, हेही इथेच सांगते. १८४६ मध्ये हाउन्स्लोच्या छावणीत एका घोडदळ शिपायाला दीडशे फटके मारले, चार आठवड्यांत तो गेला. लष्करी डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम करून लिहिलं की मृत्यू छातीतल्या दाहाने झाला, फटक्यांशी संबंध नाही. कॉरोनर होते थॉमस वाकली, स्वतः डॉक्टर. त्यांनी इरॅस्मस विल्सन यांच्याकडून पाठीच्या कण्याजवळचे स्नायू पुन्हा तपासून घेतले, आणि ज्यूरीने मृत्यू फटक्यांमुळे झाल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी फटक्यांची कमाल संख्या पन्नासवर आली. पहिल्या कागदात जे दिसल्याचं लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, निष्कर्ष चुकला. छाती उघडली आणि पाठ पाहिलीच नाही. म्हणून तुमच्या हाती कागद आला, तर काय लिहिलंय याइतकंच काय तपासलेलंच नाही तेही बघा. डोकं उघडलं का? पोट? 'तपासलं नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, किंवा तो अवयव नुसता गाळलेला असतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नाबाहेरची, पण तुमच्या भागाशी तिचा संबंध आहे. ग्रेच्या त्या पुस्तकातली चित्रं काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी, सेंट जॉर्जेसमध्येच. १८५८ मध्ये पुस्तक बाहेर येण्याआधीच कार्टर मुंबईला निघून गेले. ग्रे १८६१ मध्ये पुतण्याची शुश्रूषा करताना देवी येऊन ऐन तिशीत वारले. कार्टर मात्र १८८८ पर्यंत आपल्याकडे राहिले: ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचे प्राध्यापक, मग साताऱ्याला सिव्हिल सर्जन, मग पुन्हा मुंबई. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या मायसेटोमावर, म्हणजे मदुरा पायावर, त्यांनी १८७४ मध्ये ग्रंथ लिहिला. लंडनच्या त्या टेबलापाशी शिकलेली बघण्याची आणि लिहून ठेवण्याची शिस्त अशी जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात आली, आणि मी तिथूनच शिकले. तुमचे खापरपणजोबा तिकडे गेले, तेव्हा कार्टर बहुधा इकडेच होते.

आता नेमकं काय करायचं ते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून जहाजाचं नाव, बरोबर कोण गावकरी होते, आणि बातमी कुठल्या सणाच्या सुमारास आली हे विचारून लिहून घ्या. 'शिमग्यानंतर बातमी आली' एवढ्यावरूनही मृत्यू हिवाळ्यातला असावा असा अंदाज बांधता येतो. मग ड्रेडनॉटची वही, १८७८ ते १८९१ अशी थोडी सैल मुदत धरून, जहाज आणि 'लास्कर' या रकान्यांवरून. मग ग्रिनिच जिल्ह्यातला दाखला. दोन्ही जुळले तर ग्रिनिचच्या संग्रहालयाच्या वाचनालयाला पत्र लिहा: वहीतली तारीख, नाव जसं लिहिलंय तसं, जहाज, आणि त्या काळाच्या केस-नोंदी किंवा पोस्टमॉर्टेमच्या वह्या त्यांच्याकडे किंवा दुसरीकडे आहेत का असा स्पष्ट प्रश्न. ही माणसं मदत करतात. अट एवढीच की प्रश्न नेमका असावा.

मिळालेलं पान समाजमाध्यमांवर टाकण्याआधी घरात बोला. त्या वह्यांत गुप्तरोग, दारू, मारामारी असं सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं, आणि त्या माणसाची वंशवेल एकट्या तुमची नसते.

आणि ओळ सापडली की फोटो काढताना तेवढीच ओळ घेऊ नका. पूर्ण पान घ्या, मागचं आणि पुढचंही. कारकून जहाजाचं नाव एकदा लिहून खाली नुसत्या दोन रेघा ओढत असे. त्या रेघांच्या ओळींत त्याच बोटीवरून त्याच आठवड्यात आलेली माणसं असतात. त्यांतलं एखादं मोडकं नाव तुमच्या शेजारच्या वाडीतलं निघेल. त्या घरालाही कळवा.